सूर्यासाठी बनलेली इवलीशी पट्टी

मुलांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तिच्यावरच्या दोन बारीक रेघांमधली जागा बघा. एक मिलिमीटर. आता या एवढ्याशा जागेचे मनातल्या मनात एक कोटी सारखे तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

अणूंची मापं सांगायला हे एकक फार सोयीचं आहे. हायड्रोजनचा अणू साधारण एक अँगस्ट्रॉम रुंद असतो. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन हे शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सुमारे २.८ अँगस्ट्रॉम भरतं. म्हणजे एक, दोन, तीन असे हाताच्या बोटांवर मोजता येणारे आकडे. अणूच्या मापाचं एकक हवं होतं, कुणीतरी मुद्दाम ते बनवलं, असंच कुणालाही वाटेल.

पण तसं झालेलं नाही. ज्यांच्या नावानं हे एकक ओळखलं जातं, त्यांना मोजायचा होता सूर्याचा प्रकाश! इथून पंधरा कोटी किलोमीटर लांब असलेल्या सूर्यासाठी त्यांनी ही मिलिमीटरच्या कोटीव्या भागाची पट्टी हाती घेतली. तेव्हा अणूच्या पोटात काय असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. अणू खरोखर असतात का, यावरच मोठमोठे शास्त्रज्ञ वाद घालत होते. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी सांगावीशी वाटते.

झालं असं. स्वीडनमध्ये उप्साला नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात अँडर्स योनास अँगस्ट्रॉम भौतिकशास्त्र शिकवायचे. सूर्याचा प्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, उमटतो, हे तुम्ही शाळेत पाहिलं असेल. नीट, बारकाईनं पाहिलं तर त्या पट्ट्यात काळ्या रेघाही दिसतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये अशा पाचशेहून जास्त रेघा मोजल्या होत्या. नंतर कळलं की ही मूलद्रव्यांची ओळखपत्रं आहेत. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, सोडियमच्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. सूर्याच्या बाहेरच्या थरात जी मूलद्रव्यं आहेत ती आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश गिळतात, आणि तेवढी जागा काळी पडते. १८६२ मध्ये अँगस्ट्रॉम यांनी जाहीर केलं की सूर्यात हायड्रोजन आहे. सूर्यावर न जाता!

पण नुसतं 'तांबड्या रंगातली एक रेघ' असं सांगून भागत नाही. तांबड्यात ढीगभर रेघा असतात. प्रत्येक रेघेचा पक्का पत्ता हवा. प्रकाश लाटांनी बनलेला असतो, आणि एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. तीच त्या रेघेचा पत्ता. हायड्रोजनच्या तांबड्या रेघेची तरंगलांबी मीटरमध्ये लिहायची तर ०.००००००६५६३ अशी लिहावी लागते. हजारभर रेघांपुढे असे शून्यांचे डबे जोडत बसायचे? एक शून्य सुटलं की सगळं मुसळ केरात. अँगस्ट्रॉम यांनी मिलिमीटरच्या कोटीव्या भागालाच एक मानलं. झालं, तीच रेघ आता ६५६३. जांभळ्या टोकाकडच्या रेघा चार हजारांच्या आसपास. १८६८ मध्ये त्यांनी सूर्याच्या वर्णपटाचा मोठा नकाशा याच मापानं प्रसिद्ध केला, आणि पुढे लोकांनी या एककाला त्यांचंच नाव दिलं.

त्या नकाशात एक उणीव राहिली. अँगस्ट्रॉम यांनी ज्या मीटरच्या दांड्यावरून सगळी मापं काढली, तो पॅरिसच्या मूळ मीटरशी नीट जुळवलेला नव्हता. त्यामुळे सगळेच आकडे थोडे थोडे चुकले. ते गेले १८७४ मध्ये. त्यांचे सहकारी रॉबर्ट थालेन यांनी १८८४ मध्ये ती दुरुस्ती छापली. पट्टी कितीही बारीक असली तरी ती कुठल्या तरी मोठ्या पट्टीशी बांधलेली असते, आणि ती गाठ ढिली असेल तर उपयोग नाही. ही गाठ लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे.

आता आपण ही इवलीशी पट्टी घेऊन थेट ताऱ्यांकडे निघू. आधी जरा हात बसवू या. तुमच्या हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. तीन मिलिमीटर म्हणजे तीन कोटी अँगस्ट्रॉम. महिन्यात सेकंद असतात सुमारे २६ लाख. भागाकार करा. दर सेकंदाला अकरा-बारा अँगस्ट्रॉम, सोयीसाठी दहा धरू! हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या नखात अणूंच्या कितीतरी नव्या ओळी सरकल्या. आता प्रकाशाकडे या. प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. एका मीटरमध्ये अँगस्ट्रॉम किती? एक हजार मिलिमीटर, प्रत्येकात एक कोटी, म्हणजे एक हजार कोटी. एकावर दहा शून्यं. म्हणून प्रकाश सेकंदाला सुमारे तीनावर अठरा शून्यं इतके अँगस्ट्रॉम जातो. नख दहा, प्रकाश तीनावर अठरा शून्यं. दोघं एकाच पट्टीनं मोजले म्हणून तर दोघांची तुलना करता आली. एकक बदलण्याचा खरा उपयोग हाच.

शून्यं मोजताना डोळे दुखायला लागले ना? मग गणिताच्या पुस्तकातला घातांक बाहेर काढा. एकावर दहा शून्यं म्हणजे १० चा १० वा घात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, तो लिहायचा १० चा उणे १० वा घात. मीटर मधे, शून्याच्या पायरीवर. त्याच्या खाली उणे पायऱ्या, वर अधिक पायऱ्या. दर पायरीला माप दहापट.

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढा जातो तेवढं अंतर. नावात वर्ष असलं तरी ते अंतरच, हे तुम्हाला माहीत आहे. वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतात, आणि मग प्रकाशवर्ष भरतं बरोबर ९,४६,०७,३०,४७,२५,८०,८०० मीटर. याला आपण ९.४६ गुणिले १० चा १५ वा घात म्हणू. अँगस्ट्रॉममध्ये न्यायचं तर आणखी दहा पायऱ्या. पंधरा आणि दहा पंचवीस. एका प्रकाशवर्षात ९.४६ गुणिले १० चा २५ वा घात इतके अँगस्ट्रॉम.

इथे पुष्कळ मुलं गडबडतात. उणे दहा दिसलं की पंधरातून दहा वजा करून मोकळी होतात आणि उत्तर लिहितात १० चा ५ वा घात. म्हणजे एका प्रकाशवर्षात साडेनऊ लाख अँगस्ट्रॉम! अहो, एवढे तर मिलिमीटरच्या दहाव्या भागातच मावतात. म्हणून सूत्राच्या आधी मनाला विचारायचं, छोट्या पट्टीनं मोजतोय ना? मग आकडा फुगायलाच हवा. मोठ्या पट्टीनं मोजतोय? मग आकडा आटायला हवा. हे एवढं जपलं की एककांच्या गणितात तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही.

आता या राक्षसी आकड्याला नाव काय द्यायचं? आपल्याकडे याची फार जुनी सोय आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून दसपटीनं चढत जाणाऱ्या संख्यांची नावं आहेत. लाख, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व असं करत करत ती परार्धाला जाऊन थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. एका प्रकाशवर्षातल्या अँगस्ट्रॉमांना परार्धसुद्धा पुरा पडत नाही. ते होतात सुमारे ९४ कोटी ६० लाख परार्ध! आणि आपलं ते नख, सेकंदाला दहा अँगस्ट्रॉमच्या चालीनं, एक प्रकाशवर्ष लांब व्हायला किती वर्षं लागतील? सुमारे तीन परार्ध वर्षं. विश्वाचं वयच जेमतेम १३८० कोटी वर्षं आहे. नखं कापत राहा, काळजी नको.

खगोलशास्त्रज्ञांकडे प्रकाशवर्षाखेरीज आणखी दोन पट्ट्या असतात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या सरासरी अंतरावरून आलेलं ते खगोलीय एकक. २०१२ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी बीजिंगच्या सभेत ते कायमचं पक्कं केलं, बरोबर १,४९,५९,७८,७०,७०० मीटर. सूर्यमालेत फिरताना ही पट्टी छान. एका प्रकाशवर्षात अशी सुमारे ६३,२४१ एककं बसतात.

दुसरी पट्टी पार्सेकची. हिच्यामागची युक्ती तुम्ही आत्ता करून बघू शकता. पेन्सिल नाकासमोर धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. पेन्सिल मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. हात लांब केला की उडी लहान होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे सहा महिन्यांनी ती कक्षेच्या दुसऱ्या बाजूला पोचते. जणू आपण आकाशाकडे आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्या डोळ्यानं पाहतो. तेव्हा जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर थोडे सरकलेले दिसतात. १८३८ मध्ये बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचं हे सरकणं मोजलं आणि त्यावरून त्याचं अंतर सांगितलं. एका अंशाचे ३६०० भाग करा, त्यातल्या एका भागाचाही तिसरा हिस्सा म्हणावा इतकं ते सरकणं बारीक होतं! खगोलीय एककाच्या रुंदीमुळे ज्या ताऱ्याचं सरकणं अंशाच्या ३६०० व्या भागाइतकं येईल, तो तारा एक पार्सेकवर. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे पार्सेकच्या आत एकही शेजारी नाही. दीर्घिकांची अंतरं सांगताना पार्सेकही तोकडा पडतो, मग दहा लाख पार्सेकांचा एक मेगापार्सेक.

वरची पट्टी झाली, आता खाली उतरू. अँगस्ट्रॉमच्याही खाली. अणूच्या मध्यभागी असलेलं अणुकेंद्रक अणूच्या मानानं फारच चिमुकलं असतं. ते मोजायला फर्मी नावाचं एकक आहे, १० चा उणे १५ वा घात इतक्या मीटरचं. एका अँगस्ट्रॉममध्ये एक लाख फर्मी बसतात. शास्त्रज्ञ अणुकेंद्रकावर न्यूट्रॉनचा मारा करतात तेव्हा त्यांना प्रश्न पडतो, नेम धरायला समोर लक्ष्य केवढं आहे? १९४२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी यासाठी क्षेत्रफळाचं एक एकक ठरवलं, बार्न. शंभर चौरस फर्मी म्हणजे एक बार्न. दहा फर्मी बाजूचा चौरस डोळ्यांसमोर आणा. युरेनियमचं अणुकेंद्रक साधारण एवढंच असतं. त्या शास्त्रज्ञांच्या मते हे न्यूट्रॉनच्या दृष्टीनं धान्याच्या कोठाराएवढं ऐसपैस होतं, आणि इंग्रजीत कोठाराला बार्न म्हणतात!

आता माझं सगळ्यात लाडकं गणित. एक नळी घ्या. तिचं तोंड किती? एक बार्न. युरेनियमच्या अणुकेंद्रकाएवढं. आणि लांबी? एक मेगापार्सेक. सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे ही नळी देवयानीच्याही पुढे जाईल. जगातल्या सगळ्यात बारीक तोंडाची आणि लांबच लांब नळी. तिच्यात पाणी किती मावेल? पुढे वाचण्याआधी अंदाज करा. एक समुद्र? की एक थेंबही नाही?

करू या हिशेब. दहा फर्मी म्हणजे १० चा उणे १४ वा घात इतके मीटर. त्याचा वर्ग केला की क्षेत्रफळ, १० चा उणे २८ वा घात इतके चौरस मीटर. मेगापार्सेक म्हणजे ३.०९ गुणिले १० चा २२ वा घात इतके मीटर. गुणाकारात घातांकांची बेरीज. बावीस आणि उणे अठ्ठावीस, उणे सहा. उत्तर आलं ३.०९ गुणिले १० चा उणे ६ वा घात इतके घनमीटर. एका घनमीटरमध्ये दहा लाख मिलिलिटर असतात, म्हणजेच १० चा ६ वा घात. उणे सहा आणि सहा कटले. उरले ३.०९ मिलिलिटर!

खोकल्याच्या औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. तो अर्ध्याहून जरा जास्त भरेल, बस्स. अणूच्या पोटातली पट्टी आणि दीर्घिकांमधली पट्टी एकमेकींना गुणल्या आणि उत्तर स्वयंपाकघरात आलं. यात कुठलं मोठं रहस्य लपलेलं नाही. एक माप जितकं भयंकर लहान तितकं दुसरं भयंकर मोठं, दोघांचे घातांक एकमेकांना खाऊन टाकतात, एवढंच. तरी हे गणित मी दर वेळी कागदावर पुन्हा करते, आणि उणे सहा आलं की मला तितकाच आनंद होतो.

बरं, मघाची ती गाठ आठवते? अँगस्ट्रॉम यांचे आकडे चुकले कारण मीटरचा दांडा नीट जुळला नव्हता. मग लोकांनी उलटा विचार केला. दांडा तापला की वाढतो, गारठला की आखडतो. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाची लाट मात्र पुण्यात, पॅरिसमध्ये, सूर्यावर, कुठेही तीच असते. मग लाटेला दांड्यानं मोजण्याऐवजी दांड्यालाच लाटेनं का मोजू नये? अमेरिकेच्या अल्बर्ट मायकेलसन यांनी १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ हे करून दाखवलं. एका मीटरमध्ये कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या किती लाटा बसतात ते त्यांनी मोजलं. साडेपंधरा लाखांहून थोड्या जास्त! १९६० मध्ये तर मीटरची व्याख्याच बदलली. क्रिप्टॉन नावाच्या वायूच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लाटा म्हणजे एक मीटर, असं सगळ्या देशांनी मान्य केलं. तेव्हापासून तुमच्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा अणूशी बांधली गेली.

१९८३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडलं. प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो, तो एक मीटर. म्हणूनच मघाशी मी प्रकाशवर्षाचा शेवटच्या मीटरपर्यंतचा आकडा बिनधास्त सांगू शकले. आता प्रकाशवर्ष आणि अँगस्ट्रॉम या दोन्ही पट्ट्या एकाच धाग्याला ओवलेल्या आहेत. तो धागा प्रकाशाचा.

आणि यातूनच घडलं ते खरं नवल. १९६३ साल. अमेरिकेतल्या पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून मार्टेन श्मिट हे शास्त्रज्ञ कन्या तारकासमूहातल्या एका ठिपक्याचा वर्णपट तपासत होते. ठिपक्याचं नाव ३सी २७३. दिसायला अगदी ताऱ्यासारखा, पण त्याच्या प्रकाशातल्या ठळक रेघा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. एक रेघ ५६३० अँगस्ट्रॉमच्या आसपास, एक ५०३० च्या, एक ४७५० च्या. हा काय प्रकार?

तुम्हीच सोडवा. हायड्रोजनच्या ओळखीच्या रेघा आहेत ४८६१, ४३४० आणि ४१०२ अँगस्ट्रॉमवर. आता ५६३० ला ४८६१ नं भागा. मग ५०३० ला ४३४० नं. मग ४७५० ला ४१०२ नं. तिन्ही उत्तरं १.१६ च्या आसपास येतात! श्मिट यांच्या नेमकं हेच लक्षात आलं. रेघा हायड्रोजनच्याच होत्या. फक्त सगळ्या लाटा एकाच प्रमाणात, जवळजवळ सोळा टक्क्यांनी, ताणल्या गेल्या होत्या. तरंगलांबी अशी वाढून तांबड्या बाजूला सरकते, तिला ताम्रसृती म्हणतात. ती का होते? विश्व फुगत आहे. प्रकाश लांबून येत असताना मधली जागा ताणली जाते आणि तिच्याबरोबर लाटही ताणली जाते. वाट जितकी लांब तितका ताण जास्त.

मग या ताणावरून अंतर काढता येतं. १५.८ टक्के ताण म्हणजे ढोबळ मानानं प्रकाशाच्या वेगाच्या १५.८ टक्के वेग, सेकंदाला सुमारे ४७,००० किलोमीटर. दर मेगापार्सेकमागे विश्वाच्या फुगण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरनं वाढतो. ४७,००० ला ७० नं भागलं की ६७० मेगापार्सेक. त्याला ३२ लाख ६० हजारांनी गुणलं की झाली २१८ कोटी प्रकाशवर्षं. प्रकाश वाटेत असतानाही विश्व फुगत राहतं, म्हणून बारकाईच्या हिशेबात आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण तो दोनशे कोटींच्या घरातलाच. ताऱ्यासारखा दिसणारा तो ठिपका तारा नव्हताच. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या अशा फार लांबच्या ठिपक्यांना क्वेसार म्हणतात, आणि हा अंतर ओळखता आलेला पहिला क्वेसार.

आता बघा, श्मिट यांच्या हातात होतं काय? ४८६१ ची रेघ ५६३० वर गेली. फरक ७६९ अँगस्ट्रॉम. म्हणजे मिलिमीटरचा तेरा हजारावा भाग! एवढ्या फरकातून दोनशे कोटी प्रकाशवर्षं बाहेर आली. म्हणून मी म्हणते, एककं बदलायची गणितं रटाळ नसतात. खगोलशास्त्रज्ञ रोज तेच करतात. वर्णपट येतो अँगस्ट्रॉममध्ये आणि उत्तर निघतं मेगापार्सेकमध्ये.

हे आपल्या महाराष्ट्रातही चालतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गाव आहे. तिथे आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या पसरल्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. द्राक्षांचे मळे ओलांडून पुढे गेलं की त्या दिसायला लागतात. हायड्रोजनच्या अणूला आणखी एक खोड आहे, तो कधीतरी २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लाट सोडतो. एक अँगस्ट्रॉमचा अणू आणि त्याची लाट स्वतःच्या २१० कोटी पट लांब! एकटा अणू हे करतो ते सरासरी एक कोटी वर्षांतून एकदा. पण दीर्घिकेत हायड्रोजन इतका प्रचंड असतो की कुणी ना कुणी अणू सतत लाट सोडतच असतो. पुण्याच्या एनसीआरए या संशोधन केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीवर हजारो लांबच्या दीर्घिकांच्या अशा लाटा एकत्र केल्या. त्यातून त्यांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये हायड्रोजन वायू किती होता ते मोजलं. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्या लाटा निघाल्या तेव्हा २१ सेंटिमीटरच्या होत्या, खोडदला पोचेपर्यंत ताणून ताणून साधारण दुप्पट झाल्या.

आता पेन्सिल उचला. देवयानी दीर्घिकेपर्यंत, म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षं लांब आणि एक बार्न तोंडाची नळी घेतली, तर तिच्यात किती मिलिलिटर पाणी मावेल? आधी प्रकाशवर्षांचे मीटर करा, मग घातांकांची बेरीज. उत्तर अडीच मिलिलिटरच्या थोडं आत आलं तर तुमचं बरोबर. काही परार्धांनी जास्त आलं, तर उणे अठ्ठावीस कुठे सांडलं ते आधी शोधा.